गुंदला तुझी बातमी पोचवली

कुसुम,

तुझी बातमी घेऊन गुंदला, रुक्माक्काच्या घरी, मीच गेले. ते घर दुसऱ्या कुणाला ठाऊकही नव्हतं. तुझ्या आईनं विचारलं, "एवढ्या पावसात कशाला जातेस? त्यांचा आपला काय संबंध?" मी छत्री घेऊन निघाले. तू गेल्यापासून तुमच्या घरात कुणी कुणाला धड उत्तर देतच नाही. तुझे आप्पा दारातल्या बाकावर बसून असतात आणि कुणी भेटायला आलं की उठून आत जातात.

तिथं काय झालं ते तुला सांगायचं आहे. तू ऐकायला नाहीस हे मला कळतं. पण गुंदचं काहीही असलं तरी ते आपण एकमेकींनाच सांगत आलो. आता ही सवय कुठं नेऊन ठेवू?

आपण धारवाडला एम.ए. करत होतो तेव्हा सरांनी ती कल्पना काढली. सुट्टीत विद्यार्थ्यांनी सुपा भागातल्या खेड्यांत जाऊन राहायचं, दोघादोघांनी एकेक गरीब घर धरायचं आणि त्या घराचं स्नेही व्हायचं. शिकवायचं नाही, औषधं वाटायची नाहीत, जुने कपडे न्यायचे नाहीत. सर म्हणायचे, "देणारा आला की घरातली माणसं उठून उभी राहतात. तुम्ही गेल्यावर ती बसलेलीच राहिली पाहिजेत." मला ते ऐकायला फार छान वाटलं होतं. तू मात्र वर्गातून बाहेर पडताना म्हणालीस, "म्हणजे रिकाम्या हातानं जाऊन त्यांच्याच घरी जेवायचं. हे मला जमेल."

आणि जमलंच तुला. आपल्या वाट्याला रुक्माक्काचं घर आलं. ती खानापूरकडची, लग्न होऊन गुंदला आलेली. नवरा बुधा, जानकी आणि सावी या दोन मुली, भाताचा एक तुकडा आणि उरलेलं वर्ष जंगलातली मजुरी. पहिल्या दिवशी ती अंगणात भात वाळत घालत होती. आपण दोघी जाऊन उभ्या राहिलो. तिनं वर बघून विचारलं, "काय देणार हायसा?"

"काही नाही," तू म्हणालीस.

"मग लिहून न्यायला आलासा व्हय?"

"नाही."

"मग कशाला आलासा?"

"बसायला."

रुक्माक्का आधी आपल्याकडे बघतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते काही आवरेना. बुधाला हाक मारून म्हणाली, "आवो, भाईर या. धारवाडास्नं दोगी आल्यात. बसायला!" बुधा बाहेर आला, त्यानं आपल्याकडे बघितलं, आत जाऊन कांबळं आणलं आणि अंगणात अंथरलं. कमी बोलणारा माणूस. त्या सबंध दिवसात तो आपल्याशी बोलला ते एवढंच: "सावलीला सरका."

दुपारी तिनं नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी पुढं ठेवली. मी अर्धी भाकरी खाऊन हात धुतला, कारण दुरडीत किती उरल्यात ते मला दिसत होतं. तू मात्र दोन खाल्ल्यास आणि तिसरी मागितलीस. परत शाळेच्या खोलीकडं येताना, आपला मुक्काम तिथं होता, मी तुला फाडफाड बोलले. म्हटलं, लाज नाही वाटली, पोरींच्या तोंडचं खाल्लंस. तू म्हणालीस, "तुझ्या अर्ध्या भाकरीनं त्या बाईला काय वाटलं असेल ते बघितलंस का?" तिथं आपलं पहिलं भांडण झालं. त्यात कोण बरोबर होतं ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी रुक्माक्कानं तुला नावानं हाक मारली, कुसू म्हणून. मला ती पुढं कितीतरी दिवस बाईच म्हणत राहिली.

त्यानंतरच्या सुट्ट्या आता एकेक आठवतात. तुझी ती भाताची लावणी! तुझी ओळ इतकी वाकडी गेली की बुधासुद्धा हसला. म्हणाला, "हे बाईंचं भात हाय, वळखायला सोपं." सावीच्या डोक्यातल्या उवा तू तासन्‌तास काढायचीस आणि संध्याकाळी स्वतःचं डोकं माझ्यापुढं करायचीस. रुक्माक्का माहेरच्या गोष्टी सांगायची. सासूनं पहिल्या वर्षी कसं छळलं, मग तीच सासू शेवटी हिच्याच हातून पाणी पिऊन कशी गेली. सांगता सांगता ती मध्येच थांबून म्हणायची, "ह्ये मी भनीलाबी सांगितलं न्हाई हां." आपण ते कुठं लिहून ठेवलं नाही, सरांनाही सांगितलं नाही. सर विचारायचे, "काय चाललंय तुमच्या घरी?" तू म्हणायचीस, "चाललंय." सरांना तेवढं पुरायचं.

मग ती दिवाळी आली. आपण गुंदला पोचलो तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं, आणि घराच्या दारात पाय ठेवल्याबरोबर तो वास आला. बुधा आत पडून होता. ठेकेदाराकडं बांबू तोडायला गेला असताना घसरून पडला होता आणि तोडलेल्या बांबूचा टोकदार खुंट पोटरीतून आरपार गेला होता. रुक्माक्कानं पाला वाटून बांधला होता. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत सुजून काळानिळा झाला होता.

तू मला बाहेर बोलावलंस. आपण अंगणातल्या त्या फणसाखाली उभ्या होतो. तू विचारलंस, "न्यायचा का?" मी म्हटलं, न्यायचा. मी लगेच म्हटलं, हे लक्षात ठेव. नंतर तू सगळं आपल्या एकटीच्या अंगावर घेतलंस. पण त्या फणसाखाली आपण दोघी होतो.

रुक्माक्का तयार नव्हती. सावी हिवतापानं फणफणलेली, भात कापून शेतात पडलेलं, जानकी अजून लहान. तिला घर सोडून येता येत नव्हतं आणि त्याला एकटं सोडवत नव्हतं. "हितंच बरा हुईल त्यो," ती परत परत म्हणत होती. तू तिचे दोन्ही हात धरलेस. "अक्का, मी आहे ना. मीच नेते आणि मीच परत आणून सोडते." तिनं बुधाकडं बघितलं. तापानं त्याचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, "जातो मी. कुसू हाय की संगं."

बांबूचा ट्रक दांडेलीपर्यंत, तिथून दुसरी गाडी करून धारवाड. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो दात आवळून घ्यायचा. त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. इस्पितळात डॉक्टरांनी पाय कापला. त्यांनी आपल्याला बाजूला घेऊन सांगितलं की उशीर झालाय, विष वर चढलंय, तरी आम्ही बघतो. त्यांनी खरंच बघितलं. दोन दिवस तो माणूस तगला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्यासाठी पेज करून आणायला वसतिगृहात गेले, आणि परत आले तेव्हा तू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होतीस.

तू मला तेव्हाच सगळं सांगितलंस. शेवटी शेवटी त्याला माणसं ओळखू येईनात. तो सारखा रुक्माला हाक मारत होता. तू त्याचा हात धरलास तर त्याला तूच रुक्मा वाटलीस. म्हणाला, "रुक्मे, घरला चल. हितं नगं." आणि तू म्हणालीस, "व्हय." मग तो शांत झाला आणि थोड्या वेळानं गेला.

"मी व्हय म्हणाले गं," तू मला म्हणालीस. "मी का म्हणाले?"

त्याला घरी नेता आलं नाही. प्रेत न्यायला कुठलाच गाडीवाला तयार होईना, आणि त्या वर्षी दिवाळीतही उकाडा होता. आपल्या वर्गातल्या मुलांनी धारवाडातच सगळे अंत्यसंस्कार केले. मग आपण दोघी त्याचं कांबळं घेऊन गुंदला गेलो. रुक्माक्का शेतात होती. तिनं लांबूनच आपल्याला बघितलं, दोघींनाच, आणि विळा टाकून धावत आली. तू कांबळं पुढं केलंस. तिनं ते घेतलं नाही. तिनं आपल्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"माणूस कुठाय?" तिनं विचारलं.

गाव जमलं. कुणी आपल्याला वेडंवाकडं बोललं नाही, ते बोलले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारा फक्त म्हणाला, "चालता न्हवता, पर जिता नेला हुता." रुक्माक्कानं तुला एवढंच विचारलं की तो कसा गेला. तू म्हणालीस, "झोपेत गेला." मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली बघत होतीस.

सरांनी तो उपक्रम बंद केला. विद्यापीठात कुरबूर झाली, पालक बिथरले, आणि सर स्वतःही आतून खचले होते. सगळे आपापल्या परीक्षांना लागले. तू एकटीच पुन्हा गेलीस. पहिल्या खेपेला तिनं तुला दारातून आत घेतलं नाही. तू दिवसभर अंगणात बसलीस आणि संध्याकाळी उठून आलीस. दुसऱ्या खेपेलाही तेच. हे तू मला जेवता जेवता सांगितलंस, अगदी कोरड्या आवाजात. मी विचारलं, "मग आता काय करणार?" तू म्हणालीस, "बसणार."

पुढच्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत तिनं एकदा न बोलता तुझ्या हातात रोपांची पेंढी दिली. तुझं गुंदचं येणंजाणं तिथून पुन्हा सुरू झालं, आणि मग तू सुप्याच्या शाळेत नोकरीच धरलीस. एम.ए. झालेली मुलगी सुप्यात जाऊन पोरांना शिकवते म्हणून तुझ्या आप्पांनी वर्षभर तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. आलेली दोन स्थळं तू परत पाठवलीस. मी बेळगावात संसाराला लागले होते. सवड काढून तुझ्याकडे यायचे, तुझ्याबरोबर गुंदलाही गेले, पण रुक्माक्का माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायची. तुझ्याशी ती भांडायची. तू पाणी कसं भरतेस, जानकीला कशी लाडावून ठेवतेस, यावरून तुझ्या नावानं खडे फोडायची. आणि कधीतरी मध्येच, सगळं बरं चाललेलं असताना, ती तुला विचारायची, "जाताना त्यो कायबी बोलला न्हाई?" तू म्हणायचीस, "नाही अक्का. झोपेत होता."

यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, तिला सांगून टाक. ते शब्द तिचे आहेत. तू म्हणायचीस, "तो शेवटपर्यंत घरी न्या म्हणत होता हे सांगू? आणि तिच्या जागी मी व्हय म्हटलं, हेही सांगू?" दुसरं भांडण याहून जुनं. मी म्हणायचे, त्याला नेलं ते बरोबरच केलं, तो पाय घेऊन तो घरी आठवडाभरही जगला नसता. तू म्हणायचीस, "तेच म्हणतेय मी. तो आठवडा तिचा होता." मी एकदा चिडून म्हटलं, "तू काय प्रायश्चित्त घेत बसली आहेस का तिथं?" तू हसलीस. "नाही गं. मला तिच्या हातचं जेवण आवडतं." मला अजून कळत नाही, ते तू मला टाळायला म्हणालीस की तेच खरं होतं.

लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापानं तुझं काळीज अधू झालंय, चढ चढायचे नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तू मला कधी कळू दिलं नाहीस. तुझ्या आईनं परवा सांगितलं. जोयड्यापासून पुढं तो सगळा चढ तू चालत जायचीस. मधे दम लागला की वाटेवरच्या दगडावर बसायचीस आणि मला म्हणायचीस, "थांब, जरा जंगल बघू." मी खुळी, तुझ्याबरोबर जंगल बघत बसायचे. या श्रावणात सुप्याच्या खोलीत तुला ताप भरला, छाती भरली, आणि शाळेच्या शिपायानं बेळगावला निरोप पाठवेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला तुझं तोंड बघायला मिळालं. बोलायला मिळालं नाही.

आता गुंदचं सांगते.

मी पोचले तेव्हा भर दुपार होती आणि पाऊस धरून राहिला होता. रुक्माक्का पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. जानकीचं लग्न तू लावून दिलंस तेव्हापासून घरात ती आणि सावी दोघीच. मला एकटीला बघून ती उठली आणि तुला शोधायला माझ्या मागं बघू लागली. मी तिला वाट बघायला लावली नाही. लगेच सांगितलं, "अक्का, कुसुम गेली."

"कुठं गेली?"

"वारली अक्का."

तिनं सूप खाली ठेवलं. मग मटकन बसली आणि तिनं गळा काढला. माझ्या धाकल्या भनी, मला सांगून का न्हाई गेलीस, तुजं पाय मी धुतलं असतं गं, माझ्या भनी. शेजारच्या बायका धावत आल्या. कुणी विचारलं नाही की मेलेली बाई हिची कोण. एकीनं आत जाऊन माठ उपडा केला. एकीनं चुलीतला विस्तव पाणी मारून विझवला. संध्याकाळी दुसऱ्या घरून भात आणि कुळथाचं पाणी आलं, जसं मयताच्या घरी येतं तसं. मला त्यांनी रुक्माक्काच्या शेजारी बसवलं आणि दोघींना एकत्र वाढलं. मी भात नुसता चिवडत होते. सावी म्हणाली, "खावा आत्ती. कुसूमावशी असती तर तिनं सगळं संपवलं असतं." आणि स्वतःच रडायला लागली.

सकाळी पाऊस जरा उघडला. बायका आपापल्या शेतावर गेल्या. रुक्माक्का माझ्यासमोर येऊन बसली, आणि मला वाटलंच होतं तेच तिनं विचारलं.

"ती मला सांगत न्हवती. तू सांग. त्यो काय बोलला?"

कुसुम, मी सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. म्हटलं, अक्का, तो तुला हाक मारत होता, घरला चल म्हणाला, कुसुमला तूच समजला, आणि ती तुझ्या जागी व्हय म्हणाली. सगळं. मी काही गाळलं नाही. तू मेलीस म्हणून ते तुझ्याबरोबर जायला नको होतं.

रुक्माक्का ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी नाही. मग तिनं विचारलं, "व्हय म्हणली?"

"हो."

"मग त्यो गप झाला?"

"हो अक्का. शांत झाला."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी वाट बघत होते. खरं सांगते, मला वाटत होतं की आता ती म्हणेल, बरं केलं गं तिनं, आणि मग मी ते तुझ्याकडं घेऊन येईन. ती म्हणाली, "मी तिला माफ केलं न्हाई हां. माझा माणूस माझ्या मांडीवर मरायचा हुता. त्यो राग मी कवाच सोडणार न्हाई."

मी मान डोलावली.

"तिला म्हाईत हुतं ते," ती म्हणाली. "तरी यायची. दर खेपंला मला वाटायचं, आज बोलीन, आज बोलीन. मग ती जेवाय बसायची आणि ऱ्हाऊन जायचं." आणि एकदम रागानं, जणू मीच काही केलं होतं, ती माझ्यावर ओरडली, "आता मी कुणासंगं भांडू? सांग की. कुणासंगं?"

"माझ्याशी भांड अक्का," मी म्हटलं. "न्यायचा म्हणून मीही म्हटलं होतं. फणसाखाली आम्ही दोघी होतो."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं, आणि नकारार्थी मान हलवली.

"माझं हात तिनं धरलं हुतं," ती म्हणाली. "तू न्हाई."

सावीनं मला रस्त्यापर्यंत पोचवलं. येताना सुप्यात तुझी खोली रिकामी केली. तिथं लोक म्हणतात की नदीवर धरण येणार आणि हे सगळं गाव पाण्याखाली जाणार. मी घरमालकाला किल्ली दिली आणि पुढच्या गाडीत बसले. सगळ्या वाटेत मला एकच वाटत होतं की हे तुला सांगितलं की तू काय म्हणशील. माझ्यावर आधी भडकशील. तिला का सांगितलंस म्हणशील. मग एकेक शब्द पुन्हा पुन्हा विचारशील.

तुला माफी मिळाली असं लिहून मला मोकळं होता येत नाही, कुसुम. ती अजून तुझ्यावर रागावलेली आहे आणि रागावलेलीच राहणार आहे. आणि मी निघाले तेव्हाही तिच्या घरात तुझ्यासाठी विझवलेली चूल पेटलेली नव्हती.